अण्णांच्या गिरेबाजांची मोजणी

ज्या घरानं मला जगवलं, त्या घराचं एक नुकसान माझ्या हातून झालं. चोरी नव्हे, लबाडी नव्हे. जे डोळ्यांना दिसलं तेच मी सांगत गेलो. पण चार वर्षं सांगत गेलो, आणि ऐकणारा माणूस त्यावर विसंबून राहिला.

मी घाटाखालचा, राजापूरकडचा. मराठी तिसरीत वडील गेले आणि शाळा सुटली, ती पुन्हा काही जोडली गेली नाही. सुटताना सोबत एक गोष्ट आली, मोजणं. तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी सगळं तोंडपाठ होतं. मास्तर म्हणायचे, "याला वाचता येणार नाही एक वेळ, पण झाडावरचे आंबे खालून मोजील." माझ्या शिक्षणाचं एवढंच कौतुक कोणी केलेलं, त्यामुळे ते मी जपून ठेवलं होतं.

अठरावं सरताना गावातल्या एकाबरोबर सोलापूरच्या गिरणीत आलो. साल सव्वीसच्या आगेमागे असेल. कताईच्या साच्यावरच्या भरलेल्या बॉबिन काढायच्या, रिकाम्या बसवायच्या, हे काम. तो गाववाला दोन महिन्यांत कंटाळून परत गेला. मला परत जायला तोंड नव्हतं. घरी खाणारी तोंडं आधीच पुष्कळ होती. मग चैत्र-वैशाख आला. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे घाम. इथला उन्हाळा माणसाला घामही येऊ देत नाही, सुकवून टाकतो. एका दुपारी पाळी सुटल्यावर तापानं फणफणत चाललो होतो, विणकरांच्या एका बोळात एका घराच्या पायरीवर बसलो आणि तिथंच आडवा झालो.

ते घर अण्णांचं आणि अक्कांचं. तेलुगू विणकर माणसं. नवरा मागावर बसायचा, बायको सुताच्या कांड्या भरायची. पोटी मूलबाळ नव्हतं. मला शुद्ध आली तेव्हा अक्का तोंडात आंबील घालत होत्या आणि अण्णा माझ्यावर वाकून अगदी वीतभर अंतरावरून माझं तोंड बघत होते.

"मरायचं असलं तर पलीकडच्या दारात जा की," अण्णा म्हणाले. "हितं मेलास तर ही बाई जन्मभर मला बोलते."

मी घाबरून उठायला लागलो. अक्का हसल्या आणि त्यांनी मला खांद्याला धरून पुन्हा निजवलं. त्या घराच्या सोप्यात मी पुढे अकरा वर्षं राहिलो.

अकरा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की आज आपल्याला जा म्हणतील, असं सकाळी मनात आलं नाही. कोणी तसं सुचवलंही नव्हतं. रविवारी मला भाकरी नको म्हणून अक्का मुद्दाम भात टाकायच्या, माझ्यासाठी चिंचेचं सार करायच्या. पण फुकटच्या मायेची मला सवय नव्हती. आपण या घराच्या काही उपयोगी पडावं, आपल्यावाचून यांचं काही अडावं, असं फार वाटायचं. आणि तसं एक काम निघालं.

अण्णांची नजर विचित्र झाली होती. ताण्यातला तुटलेला धागा नाकाशी धरला की दिसायचा, पण बोळातून कोण आलं ते हाक मारल्याशिवाय कळायचं नाही. जवळचं सगळं, लांबचं काही नाही. मागावर भागत होतं. पण अण्णांच्या माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, ढाबळ होती आणि ढाबळीत गिरेबाज कबुतरं होती.

गिरेबाज म्हणजे उडता उडता मागच्या मागे कोलांट्या घेणारं कबूतर. आमच्या गावी कबुतरं देवळात घाण करतात एवढंच मला माहीत. इथं येऊन बघतो तर शहाणीसुरती माणसं मान मोडेपर्यंत आभाळाकडे बघत बसलेली. अण्णांचा वाण जुना. त्यांच्या सासऱ्यांनी तेलंगणातून येताना टोपलीत घालून आणलेली दोन जोडपी, त्यांची ही चाळीस वर्षांची प्रजा. अण्णा म्हणायचे, "मला पोरं नाहीत असं लोक म्हणतात. अठ्ठावीस आहेत." आणि ती अठ्ठावीस त्यांना हातात घेतल्याशिवाय दिसत नव्हती. हातात मात्र ती त्यांना लख्ख दिसायची. छातीचं हाड चाचपायचे, एकेक पीस पसरून बघायचे, डोळ्याला डोळा भिडवायचे. पण गिरेबाजाची पारख हातात होत नाही. ती होते आभाळात, आणि आभाळ अण्णांपासून दूर गेलं होतं.

एका रविवारी टोळी वर होती आणि अण्णा रिकाम्या आभाळाकडे तोंड करून घोंगडीवर बसले होते. मी दाण्याचं डबडं घेऊन शेजारी उभा होतो. एका नरानं कोलांट्या घेतल्या. मी सहज बोललो, "चार."

अण्णांनी मान वळवली. "काय चार?"

"काळ्या शेपटीच्यानं चार कोलांट्या घेतल्या."

"तुला मोजता येते?"

"येतं की."

त्यांनी माझा हात धरून मला घोंगडीवर खाली बसवलं. तिथून पुढे चार वर्षं, पाऊस नसेल तेव्हा दर रविवारी आणि पाळी असेल तसं संध्याकाळी उजेड असेतो, मी अण्णांना आभाळ सांगत होतो.

"वर गेली?"

"गेली."

"कुठवर?"

"गिरणीच्या चिमणीच्या वर. आता किल्ल्याच्या बुरुजाकडं वळाली. बदामी सुटली... एक, दोन, तीन, चार, पाच."

"पाच!" अण्णा मांडीवर थाप मारायचे. "अगं, ऐकलीस का, बदामी पाच घेतली!" खालून अक्का ओरडायच्या, "पाच घेतली तर मग खाली पाठव, पाणी भरायला." मग आम्ही तिघंही हसायचो. मला त्या घराचा माणूस झाल्यासारखं वाटायचं ते त्या हसण्यात.

ढाबळीच्या आतल्या भिंतीवर मी कोळशानं रेघा मारायचो. कोणत्या पाखरानं सगळ्यात जास्त किती घेतल्या त्याच्या. थंडी आली की अण्णा जोडपी लावायचे आणि लावताना मला विचारायचे, "सात घेणारा कोण? त्याच्यापाशी सहावाली सोड." रेघा बघून मी सांगायचो. अण्णा डोळे मिटून हातानं पाखरू ओळखायचे आणि त्या खणात सोडायचे.

आणखी एक गोष्ट मी सांगायचो, तीच या सगळ्याच्या मुळाशी आहे. काही पाखरं कोलांट्या नीट घेत नसत. उडता उडता एकदम त्यांचं काहीतरी बिनसायचं, पंख दिसेनासे व्हायचे, गोळा व्हायचा आणि दगडासारखी ती खाली यायची. एका घराची उंची खाली येऊन पुन्हा पंख उघडून टोळीत जायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलोच होतो.

"अण्णा, ठिपक्याची पडली!" गळ्यावर पांढरा ठिपका असलेली एक काळसर मादी होती.

"पडली म्हणजे? किती घेतल्या?"

"घेतल्या कुठं, मोजायला काही दिसलंच नाही. गरगरली आणि पडली नुसती."

अण्णांनी ती उतरल्यावर हातात घेतली. पुष्कळ वेळ चाचपत राहिले. "हाताला तर चांगली लागते रे," म्हणाले. मग पुन्हा, "पडली? नक्की?"

"नक्की. मी बघितलं ना."

कबुतरांत मान मोडायचा एक आजार असतो. पाखरू गरगरतं, मान वाकडी होते आणि आठ दिवसांत ढाबळ रिकामी होते. अण्णांनी तो एकदा भोगलेला. त्यामुळे गरगरणारं पाखरू ते ढाबळीत ठेवायला घाबरायचे. मारवत नसे. मग द्यायचे कोणाला तरी. ठिपक्याची गेली. त्या वर्षी तिची दोन पिल्लं तशीच पडायला लागली, तीही गेली. चार वर्षांत अशी दहा-अकरा पाखरं गेली असतील. त्यातली बहुतेक एकाच माणसानं नेली.

तो माणूस टांगेवाला. स्टेशनवर टांगा लावायचा, तीन बोळ पलीकडे राहायचा, कबुतरांचा शौकीन. त्याला मी चाचा म्हणायचो. एखादं पाखरू काढायचं आहे असं कानावर गेलं की घोडा बांधून हजर. "क्या जी अण्णा, गिरनेवाले परिंदे हमकू देव. हमारा घोडा भी गिरता, सवारी भी गिरती, निभ जाएंगा." अण्णा हसून द्यायचे. चाचा पाखरू पगडीच्या कापडात गुंडाळून छातीशी धरून न्यायचा. आजारी कबूतर कोणी असं छातीशी धरून नेत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर कबूतरवाल्यांची मोजणी ठरली. मोजणी म्हणजे त्यांची चढाओढ. गिरेबाज आपल्याच माळवदावरून उडतं, ते दुसरीकडे नेऊन उडवता येत नाही. म्हणून एकाच सकाळी सगळे आपापल्या घरी टोळी सोडतात आणि मोजायला माणसं दुसऱ्याच्या घरची बसतात. एकेका माळवदावर दोन मोजणारे, समोर ज्वारीची परात, शेजारी रिकामी वाटी. पाखरानं खरं काम केलं की मोजणाऱ्यानं एक दाणा वाटीत टाकायचा. घरधन्यानं तोंड उघडायचं नाही. उन्हं वर आली की सगळ्या वाट्या पंचांकडे जातात. अण्णांची नजर गेल्यापासून सहा वर्षं त्यांनी मोजणीत भाग घेतला नव्हता. त्या वर्षी त्यांनी स्वतः जाऊन नाव दिलं.

"बघायचंच आहे त्यांना आता," ते परत येऊन अक्कांना म्हणाले. "सात घेणारी पाच पाखरं आहेत माझ्याकडे. कोणाकडे आहेत?"

"तुम्ही बघितलीत?" अक्कांनी विचारलं.

"हा बघतो की रोज."

अक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कांडी भरायला घेतली. मला भीती वाटली, पण ती आमच्या पाखरांबद्दल नव्हती. अण्णांच्या घरून मोजायला मलाच जायचं होतं आणि परक्या चार माणसांत आपल्या हातून चूक होईल, या काळजीनं मला दोन रात्री झोप नव्हती.

मला टांगेवाल्या चाचाचं माळवद आलं. चार वर्षांत त्याची टोळी मी फक्त लांबून, घरांच्या रेषेवर, मुंग्यांएवढी पाहिली होती. आमची टोळी सोडायची वेळ तीच त्याची. दुसऱ्याची कबुतरं बघायला मला सवड कधी झाली नाही, आणि गरजही वाटली नाही. आमची सात घेतात म्हटल्यावर बाकीच्यांची बघायची कशाला?

माझ्याबरोबर मोजायला दाणेबाजारातला एक म्हातारा हमाल होता, वळसंगकडचा. अंगावर कांबळं, हातात तंबाखू. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुनाचा रं तू?"

"अण्णांकडचा. विणकर अण्णा."

"आसं व्हय. लई मोटं घर हाय कबुतरातलं. बस."

चाचानं टोळी सोडली. पाखरं चक्कर घेत वर गेली. थोड्या वेळानं एका निळ्यानं संथ, छान कोलांट्या घेतल्या. मी तोंडातल्या तोंडात मोजल्या, सहा. चटकन एक दाणा वाटीत टाकला.

म्हाताऱ्यानं वाटीत बोट घालून तो दाणा काढला आणि परत परातीत टाकला.

"का?" मी म्हटलं. "सहा घेतल्या त्यानं."

"तू मोजल्यास?"

"हो."

"मोजता आल्या तुला?"

"आल्या की."

"मग त्यो काय कामाचा! ईरीत पोरगं उड्या मारतंय तसं चाललंय त्याचं. वर बघ, गप."

मी वर बघत राहिलो. टोळी आमच्या बरोबर डोक्यावर आली आणि तिच्यातलं एक पाखरू एकाएकी नाहीसं झालं. पाखरू होतं तिथं एक गोळा होता. लिंबाएवढा. तो जागच्या जागी इतका जोरात फिरत होता की मधोमध भोक असल्यासारखं वाटत होतं, भोकातून पलीकडचं आभाळ दिसावं तसं. आणि फिरता फिरता तो गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ खाली येत होता, इकडे नाही तिकडे नाही. दोन घरांची उंची खाली आल्यावर कोणीतरी बोट टेकवून चाक थांबवावं तसा तो थांबला, पंख उघडले आणि कबूतर शांतपणे वर टोळीत निघून गेलं.

 म्हाताऱ्यानं एक दाणा घेतला, कपाळाला लावला आणि वाटीत टाकला.

"ह्येला म्हंत्यात गिरेबाज," मग हळूच म्हणाला. "मोजाया आलं की त्ये गेलं. डोळ्याला कोलांटी दिसली न्हाय पायजे. घुमलं पायजे नुसतं."

 मी हे पाहिलं होतं. एकदा नव्हे, दहा वेळा पाहिलं होतं, आमच्याच माळवदावर, अण्णांच्या शेजारी बसून. आणि सांगितलं होतं, पडली.

त्या सकाळी ती पाखरं मी तासभर पाहिली. एकेक घुमत खाली येत होतं आणि म्हातारा दाणे टाकत होता. मी माझ्या हातानं एकही टाकला नाही. हाताला आता काही कळत नव्हतं. टोळी उतरली, पाखरं ढाबळीच्या छपरीवर बसली. तिसऱ्या जागी एक काळसर मादी होती. म्हातारी झाली होती, पायाची सालं निघाली होती. गळ्यावर पांढरा ठिपका.

चाचानं मला तिच्याकडे बघताना पाहिलं. तो जवळ येऊन बसला. आज त्याच्या तोंडात थट्टा नव्हती.

"पैचाने? तुमारेच घर की है. वो पीछे की चारों भी उसकीच औलाद."

"चाचा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हौ. एकीच बार देखा मैं, तुमारे माळवद पे, और समझ गया."

"मग अण्णांना सांगितलं का नाही?"

"नै बोल्या?" चाचाचा आवाज चढला. "अल्ला कसम, दो बार बोल्या. अण्णा, परिंदा अच्छा है, नक्को देव. उनो बोले, मेरा कोकणी देख्या, गिरती है बोल्या. अब मैं क्या बोलूं? उनकू मेरे से ज्यादा तुमारे पे ऐतबार."

मी पायऱ्या कशा उतरलो ते आठवत नाही. घरापाशी आलो तर अक्का दारात उभ्या. "वर जा," एवढंच म्हणाल्या.

अण्णा घोंगडीवर बसले होते. मोजणारे निघून गेले होते, वाटी पंचांकडे गेली होती. पण जाण्याआधी अण्णांनी तिच्यात हात घालून पाहिला होता.

"आलास? बस," अण्णा म्हणाले.  "तीन दाणे. सबंध सकाळ उडवली टोळी, तीन दाणे. मला आंधळा समजून फसवलं रे त्यांनी. म्हटलं तुला येऊ दे. आता चल, पंचांकडे जायचं. त्या भिंतीवरच्या रेघा सांग त्यांना. चार वर्षांच्या. सात घेणारा कोण, सहा घेणारी कोण, सगळं सांग. तू शाळेत गेलेला आहेस. तुझं ऐकतात."

त्यांनी पटका बांधायला घेतला. मला कळलं की मी आता गप्प राहिलो तर हा माणूस मला हाताला धरून चारचौघांत घेऊन जाईल, माझ्या भरवशावर भांडेल आणि सगळे त्याला हसतील. आणि बोललो तर माझं या घरातलं जे काही आहे ते संपेल. ही निवड फार मोठी होती असं मी म्हणणार नाही. फक्त माझ्या तोंडातून शब्द निघायला वेळ लागला, एवढंच.

"अण्णा, त्यांनी फसवलं नाही."

पटक्याचा वेढा अर्धवट राहिला.

मी सगळं सांगितलं. म्हाताऱ्या हमालानं दाणा परत काढला ते. गोळा, भोक, ओळंबा. मोजता आलं की ते गेलं, हे. ठिपक्याची कुठे आहे ते. चांगली होती ती मी पडली म्हणून सांगितली, आणि विहिरीत उड्या मारणाऱ्या पोरासारखी होती त्यांच्या नावानं भिंतीवर रेघा मारल्या. तुम्ही त्या रेघांवरून जोडपी लावली. मला मोजताच येत होतं, अण्णा. बघता येत नव्हतं.

अण्णांच्या हातात पटक्याचा शेव तसाच होता. मग म्हणाले, "मी कधी विचारलं नाही तुला, कसं घेतली म्हणून. किती, किती, तेवढंच विचारलं." आणि पुन्हा, "मला वाटलं डोळे असले की दिसतंच."

त्यांनी पटका सोडला, घडी घातली आणि खाली जाऊन मागावर बसले. सणाचा दिवस असल्यासारखं त्या दिवशी अक्कांनी पुलिहोरा, चिंचेचा भात, केला होता, मोजणी जिंकली तर म्हणून. तो आम्ही तिघांनी खाल्ला. मी भात नुसता चिवडत बसलो होतो. अक्का म्हणाल्या, "जेव की. रडून भात कडू होते." आणि मग त्याच रडायला लागल्या.

पुढच्या रविवारी अण्णा मला म्हणाले, "टांगेवाल्याकडे चल." तीन बोळ मी त्यांना हाताला धरून नेलं. चाचानं त्यांना वर चढवलं, चांगली सतरंजी घातली, आणि न विचारता ठिपक्याची मादी आणून त्यांच्या हातात दिली. अण्णांनी तिचं हाड चाचपलं, पंख पसरला, तिचा डोळा आपल्या डोळ्याजवळ नेला. त्यांनी तिला ओळखलं हे त्यांच्या बोटांवरूनच कळलं. आपल्या माणसाच्या अंगावरून फिरावीत तशी ती फिरत होती.

"जोडी ले जाव अण्णा," चाचा म्हणाला. "इनका जोड, और दो जवान पठ्ठे. तुमारा माल है."

"नको. हितंच रुळली आहेत, हितंच राहू दे." अण्णांनी मादी परत दिली. "सोड एकदा. उडव."

म्हातारी मादी टोळीबरोबर वर गेली. अण्णांनी तोंड वर केलं, डोळे उघडेच होते. मी शेजारी बसलो होतो, चार वर्षं बसत होतो तसाच.

"सांग," ते म्हणाले.

मी सांगायला लागलो. टोळी कुठं आहे, कशी वळली. मग ती सुटली. माझ्या तोंडात सवयीनं 'एक' आलं, ते मी गिळलं. मग म्हटलं, अण्णा, आता तिला पंख नाहीत. गोळा झाला. फिरतोय. मागाच्या धोट्यात कांडी फिरावी तसा, त्याहून जोरात, दिसत नाही इतका. सरळ येतोय. चिमणीच्या खाली आला. अजून येतोय. अजून. थांबली. उघडली. गेली वर.

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

"हे चार वर्षं माझ्या माळवदावर होत होतं," ते म्हणाले.

मला नाही, आभाळालाही नाही. कोणालाच उद्देशून नव्हतं ते. पण बोलले.

त्यानंतर अण्णांनी टोळी उडवली नाही. पाखरं होती तोवर दाणा-पाणी केलं. काही लोकांनी नेली, काही म्हातारी होऊन गेली, नवी जोडपी लावली नाहीत. चाचा अधूनमधून पिल्लांची जोडी घेऊन यायचा आणि परत घेऊन जायचा. शेवटी अक्कांनी ढाबळीच्या फळ्या चुलीत घातल्या. रेघांची भिंत एका पावसाळ्यात ओल येऊन आपोआप पुसली.

मला कोणी घालवलं नाही. मी रोज वाट पाहिली. अण्णांनी मला एकदा शिवी दिली असती, तोंडात मारली असती, निदान "तुझ्यामुळे" असं एकदा म्हटलं असतं, तर मी त्यांच्या पाया पडलो असतो आणि आमचं काहीतरी फिटलं असतं. ते कधीच म्हणाले नाहीत. मी आणखी सात वर्षं त्या सोप्यात राहिलो, त्या घरचा भात खाल्ला, माझं लग्नही अक्कांनी लुगडं देऊन लावलं. सोलापूर सोडताना अण्णांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, जवळ आणून बघितलं आणि म्हणाले, "सांभाळून जा की." आभाळातलं त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. जेवायला हाक मात्र शेवटपर्यंत रोज मारली.